आकडा आणि त्यामागील शब्द : मालमत्ता-मध्यस्थीच्या व्यवसायातील डॅशबोर्डचे वाचन

प्रास्ताविक

मागील घटकात आपण अहवाललेखनाचा अभ्यास केला. अहवालाला लेखक असतो, शेवटी त्याची सही असते आणि एखादे विधान पटले नाही तर खुलासा कोणाकडे मागायचा हे वाचकाला ठाऊक असते. प्रस्तुत घटकात ज्या मजकुराकडे आपण वळणार आहोत, त्याखाली कोणाचीच सही नसते. संगणकाच्या पडद्यावर चार-सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत एक ठळक आकडा, खाली चढता-उतरता आलेख, कोठे हिरवा रंग तर कोठे लाल, असे त्याचे रूप असते. कार्यालयांतून त्याला ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. आपल्यापैकी अनेक जण बँकेत, विमा कार्यालयात, वाहनांच्या शोरूममध्ये किंवा घरांच्या खरेदी-विक्रीची मध्यस्थी करणाऱ्या कार्यालयात नोकरी करीत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. त्यांना हे दृश्य रोजचे आहे.

मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत हा विषय कसा आला, हे सांगणे योग्य होईल. एका संपर्कसत्रात घरांच्या मध्यस्थीच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपली अडचण मांडली. दर महिन्याच्या आढावा बैठकीत डॅशबोर्ड भिंतीवर दाखविला जाई आणि सलग तीन महिने त्यांचे नाव सर्वांत खाली येत होते. दिवसभर दूरध्वनीवर बोलणाऱ्या, ग्राहकांना उन्हातान्हात जागा दाखविणाऱ्या त्या बाई शेवटी म्हणाल्या, “माझे काम कमी पडते आहे, की माझ्या कामाला त्या पडद्यावर शब्दच नाही?” त्यांचा प्रश्न अर्थविचाराच्या कक्षेतला आहे. त्याचे उत्तर शोधताना एक काल्पनिक कार्यालय आपण उदाहरणासाठी घेऊ आणि त्याच्या डॅशबोर्डचे शब्दागणिक वाचन करू.

डॅशबोर्ड : शब्द आणि वस्तू

इंग्रजीत हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर जी फळी लावीत, तिचे हे नाव. पुढे मोटारगाडीत त्याच जागी वेग आणि इंधन दाखविणारी उपकरणे आली व नाव टिकून राहिले. संगणकाने तेच उचलले. मराठी व्यापाऱ्याला ही कल्पना नवी नाही. कीर्दीत रोजची नोंद होई, तीच खतावणीत खातेवार जाई आणि महिन्याअखेरीस गोषवारा काढला जाई. डॅशबोर्ड हा क्षणाक्षणाला आपोआप निघणारा गोषवारा आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की कीर्द लिहिणारा आणि गोषवारा काढणारा बहुधा एकच मुनीम असे. त्यामुळे कोणती रक्कम कोणत्या सदरात घातली हे त्याला माहीत असे. संगणकात सदरे एक जण ठरवितो, नोंदी दुसरा करतो आणि निष्कर्ष तिसरा काढतो. या तिघांची भाषा एकच आहे, असे गृहीत धरले जाते.

आपल्या काल्पनिक कार्यालयाचा एप्रिल ते जून या तिमाहीचा डॅशबोर्ड असा आहे : चौकशा २४०, जागा-भेटी ७२, पूर्ण व्यवहार १८, यशाचे प्रमाण साडेसात टक्के, अपेक्षित दलाली २५,२०,००० रुपये. दलालीचा दर सोयीसाठी व्यवहाराच्या रकमेच्या दोन टक्के धरला आहे. २४० चौकशांतून १८ व्यवहार म्हणजे साडेसात टक्के, हे गणित बिनचूक आहे. शंका आहे ती ‘पूर्ण’ या शब्दाविषयी.

‘बंद’ झालेला व्यवहार

या व्यवसायाची बरीच सॉफ्टवेअरे इंग्रजीत रचलेली असतात आणि त्यांत यशस्वी व्यवहाराला ‘क्लोज्ड’ म्हणतात. त्याचे शब्दशः मराठी करू गेल्यास ‘बंद’ हा शब्द हाती येतो आणि अर्थ नेमका उलटतो. ‘त्यांचा व्यवहार बंद झाला’ हे वाक्य ऐकून कोणीही मराठी माणूस पेढे मागणार नाही. काय बिनसले, असे विचारील. म्हणून अनुवादक ‘पूर्ण’ हा शब्द घेतो. अर्थाचा अनर्थ त्यामुळे टळतो. तथापि संदिग्धता तशीच राहते.

अर्थक्षेत्राची विभागणी प्रत्येक भाषा आपापल्या परीने करते, हे आपण पूर्वी पाहिले आहे. येथे त्याचे उत्तम उदाहरण मिळते. जुने घर विकत घेताना महाराष्ट्रात व्यवहार एका क्षणी पूर्ण होत नाही. तो टप्प्याटप्प्याने पुरा होतो आणि प्रत्येक टप्प्याला मराठीत स्वतंत्र नाव आहे. बोलणी ठरली की खरेदीदार काही रक्कम विसार म्हणून देतो आणि विसारपावती होते. शहरी बोलीत याला ‘टोकन’ म्हणतात. त्यानंतर अटी व हप्ते नमूद करणारे साठेखत होते, त्यावर मुद्रांक शुल्क भरले जाते आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्याची नोंदणी होते. बँकेचे कर्ज मिळून, सोसायटीचे ना हरकत पत्र येऊन, रक्कम चुकती झाली की खरेदीखत होते आणि ताबा दिला जातो. विसार, साठेखत, खरेदीखत, ताबा असे चार शब्द आपल्याकडे असताना सॉफ्टवेअरमध्ये एकच ‘पूर्ण’ असतो. या चारांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर ते बटण दाबायचे, हे कार्यालयाने लिहून ठेवलेले नसेल, तर प्रत्येक कर्मचारी आपल्या समजुतीप्रमाणे, आणि अनेकदा आपल्या सोयीप्रमाणे, ते दाबतो.

आपल्या उदाहरणातील १८ व्यवहार विसाराच्या पायरीवर मोजले आहेत, असे समजा. त्यांपैकी नोंदणीपर्यंत पोहोचले ते ९. म्हणजे यशाचे प्रमाण साडेसातवरून पावणेचार टक्क्यांवर येते. या ९ व्यवहारांची एकूण रक्कम ६ कोटी ३० लाख असेल, तर त्यावरील दलाली १२,६०,००० रुपये होते. पडद्यावर दिसणाऱ्या रकमेच्या बरोबर निम्मी. त्यातही प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम वेगळी, कारण दलालीचा काही भाग खरेदीखताच्या वेळी देण्याची बोली असू शकते. शिवाय या रकमेत १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळविला असेल, तर तीच १४,८६,८०० रुपये दिसेल. मात्र वरचे २,२६,८०० रुपये शासनाचे आहेत, कार्यालयाचे उत्पन्न नव्हे. ‘अपेक्षित’, ‘देय’ आणि ‘प्राप्त’ ही तीन विशेषणे व्याकरणात सारखीच असली, तरी महिन्याचे पगार त्यांपैकी एकाच्याच बळावर होतात. पहिल्या विशेषणावर विसंबून नवी जागा भाड्याने घेणारे, माणसे वाढविणारे मालक असतात आणि नंतर जी माणसे कमी केली जातात, त्यांत डॅशबोर्डची व्याख्या ठरविणारा सहसा नसतो.

यावर उपाय साधा आहे. ‘पूर्ण’ हा शब्द काढून टाकावा आणि त्याजागी ‘विसार झाला’, ‘साठेखत नोंदले’, ‘खरेदीखत नोंदले’ अशी क्रियापदयुक्त सदरे ठेवावीत. क्रियापद आले की घटना आली, आणि घटनेला पुरावा मागता येतो. नोंदणी झालेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन मिळते, जिला व्यवहारात ‘इंडेक्स टू’ म्हणतात. तो दस्त क्रमांक लिहिल्याशिवाय नोंदणीच्या सदरात व्यवहार धरायचा नाही, असा नियम केला, की समजुतींचा प्रश्न उरत नाही.

नव्या प्रकल्पातील सदनिकांच्या बाबतीत कायद्यानेच एक सीमारेषा आखली आहे. स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार विक्रीचा लेखी करार करून तो नोंदविल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ‘बुकिंग झाले’ आणि ‘करार नोंदला’ या दोन वाक्यांतील अंतर या कलमामुळे केवळ शैलीचे राहत नाही. याच कायद्याने मध्यस्थांनाही नोंदणी सक्तीची केली. जाता जाता एक निरीक्षण : ‘दलाल’ या अरबी मुळाच्या शब्दाला मराठीत काळाच्या ओघात हिणकस छटा आली, म्हणून व्यवसायाने ‘एजंट’ स्वीकारला आणि शासकीय मराठीने ‘अभिकर्ता’ घडविला. ‘दलाली’ या शब्दाला मात्र कोणी हात लावलेला नाही. व्यक्तीचे नाव बदलले, मिळकतीचे तेच राहिले.

चौरस फूट आणि सरासरी

डॅशबोर्डवरील आणखी एक लाडका आकडा म्हणजे प्रति चौरस फूट सरासरी दर. येथेही विशेषण गाळलेले असते. एका सदनिकेची किंमत ८४ लाख रुपये आहे. तिचे चटई क्षेत्र ७०० चौरस फूट असेल, तर दर १२,००० रुपये होतो. जिना, लिफ्ट, मार्गिका यांचा वाटा मिळवून सांगितलेले ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्र १,००० चौरस फूट असेल, तर दर ८,४०० रुपये होतो. घर तेच, पैसे तेच. २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली : बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांच्या जागा, खास त्या सदनिकेची बाल्कनी वा व्हरांडा आणि खुली गच्ची वगळून, परंतु आतील भिंती धरून उरणारे वापरयोग्य क्षेत्र. जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत मात्र जुनी मापे तशीच आहेत, आणि नोंद करणारा कागदावरचा आकडा ‘क्षेत्रफळ’ या एकाच रकान्यात भरतो. दोन जातींचे आकडे एका सरासरीत गेले, की निघणारा दर कोणत्याच घराचा नसतो. शहराच्या सीमेवरच्या कार्यालयात यात गुंठ्यांचीही भर पडते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि रकान्यात ‘२’ लिहिलेले असेल तर ते काय, हे लिहिणारालाच ठाऊक.

‘सरासरी’ या शब्दाकडेही थोडे थांबून पाहावे. वरील ९ नोंदणीकृत व्यवहारांची सरासरी रक्कम ७० लाख येते. त्यांपैकी आठ सदनिका प्रत्येकी ५० लाखांच्या आणि एक बंगला २ कोटी ३० लाखांचा असेल, तरीही सरासरी ७० लाखच. ती पाहून मालकाने ७० लाखांच्या घरांची जाहिरात दिली, तर त्या तिमाहीत तसे घर घेणारे एकही गिऱ्हाईक आले नव्हते, हे त्याला पडदा सांगणार नाही. शालेय गणितात आपण ‘मध्यक’ शिकलो : रकमा चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारी रक्कम. येथे तो ५० लाख आहे आणि परिस्थितीचे खरे वर्णन तोच करतो.

‘व्यवहार पूर्ण होण्यास लागणारे सरासरी दिवस’ या आकड्यात अधिक सूक्ष्म फसगत आहे. जे व्यवहार पार पडले, तेवढेच त्यात मोजले जातात. जे चार महिने अडकून पडले आहेत, ते अजून पूर्ण नसल्यामुळे हिशेबातच नाहीत. सोपे व्यवहार झटपट उरकले आणि कठीण रेंगाळले, की हा आकडा सुधारतो. पडदा हिरवा होतो आणि कपाटातील फायली वाढत जातात. म्हणून या चौकटीशेजारी ‘आजमितीस प्रलंबित व्यवहार किती दिवसांचे’ अशी दुसरी चौकट मागून घ्यावी.

तुलना कशाशी?

आलेखावरील लाल-हिरवा बाण दोन कालखंडांची तुलना करतो, आणि सॉफ्टवेअरला एकच दिनदर्शिका माहीत असते. महाराष्ट्रात घर घेण्याचा निर्णय दोन दिनदर्शिका समोर ठेवून होतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या सणांना विसार देणारे पुष्कळ. पितृपक्षात बोलणीही टाळणारे पुष्कळ. हे सण तिथीने येतात आणि तिमाही तारखेने. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. परिणामी २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये तो दोनदा आला. या दोन वर्षांच्या तुलनेतून कर्मचाऱ्यांच्या कर्तबगारीविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने आधी पंचांग उघडावे. पितृपक्षाचेही तसेच : २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबला होता, तर २०२४ मध्ये ऑक्टोबरच्या प्रारंभीच संपला. ‘ऑक्टोबरमध्ये चौकशा वाढल्या’ या विधानाचे श्रेय नव्या जाहिरातीला द्यायचे की चंद्राला, हे तपासून पाहावे लागते.

शासकीय निर्णयांचाही असाच परिणाम होतो. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि पुढील मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली. डिसेंबरअखेर शुल्क भरून ठेवले तर नोंदणी पुढील चार महिन्यांत करता येत होती. एकच व्यवहार शुल्काच्या तारखेने २०२० चा ठरतो आणि नोंदणीच्या तारखेने २०२१ चा. ‘दिनांक’ या रकान्याला षष्ठीचा प्रत्यय का हवा, हे यावरून कळावे : कशाचा दिनांक?

कोणाच्या नावावर?

आता आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. तिमाहीतील २४० चौकशांपैकी १६० दूरध्वनी त्यांच्यासारख्या एका कर्मचारी महिलेने घेतले, असे समजा. त्यांपैकी ५० ग्राहकांना घेऊन त्यांनी जागा दाखविल्या. ग्राहकाने पसंती दर्शविली की पुढील बोलणी वरिष्ठ करतात, ही कार्यालयाची रीत. त्या वेळी सॉफ्टवेअरमधील ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात नाव बदलले जाते. हा रकाना एकच नाव धरतो आणि जुने नाव पुसून नवे लिहितो. तिमाहीअखेरीस त्या महिलेच्या नावावर काय उरते? ज्या कोठेच गेल्या नाहीत, अशा ११० चौकशा. पूर्ण व्यवहार शून्य, यशाचे प्रमाण शून्य, रंग लाल. त्यांच्या प्रयत्नाने आलेले व्यवहार वरिष्ठांच्या खात्यावर हिरवे दिसतात. त्या जितक्या कुशल, तितकी अधिक गिऱ्हाइके पुढे जाणार आणि तितक्या केवळ निष्फळ नोंदी मागे उरणार.

कोणी खोटी नोंद केलेली नाही आणि गणितही चुकलेले नाही. ‘जबाबदार’ या विशेषणाचा अर्थ ‘आत्ता ज्याच्याकडे आहे तो’ असा घेतला गेला आणि बैठकीत तो ‘ज्याने केले तो’ असा वाचला गेला. आमच्या विद्यार्थिनीच्या कार्यालयातही असेच घडत होते. त्यांनी सत्रातील चर्चेनंतर मालकांना एक पानाचे निवेदन दिले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. ‘पहिला संपर्क’, ‘जागा-भेट’ आणि ‘अंतिम बोलणी’ अशी तीन स्वतंत्र नावे नोंदविण्याची सूचना होती, आणि मागील तिमाहीतील सात व्यवहारांचे दूरध्वनी तपशील दिनांकांसह जोडलेले होते. दोन रकाने वाढविण्यात आले. तिसऱ्याचे काय झाले, ते मला कळले नाही.

कारणांची यादी

चौकशी निष्फळ ठरली की सॉफ्टवेअर कारण विचारते आणि तयार यादी पुढे करते. सर्वांत वरचे कारण बहुधा ‘ग्राहकाला रस नाही’ असे असते, आणि घाईत असलेला माणूस पहिलेच कारण निवडतो. या वाक्याची रचना पाहा. चतुर्थीतील ‘ग्राहकाला’ हे पद अनुभव घेणारा म्हणून ग्राहकाला पुढे आणते. न घडलेल्या व्यवहाराचे मूळ त्याच्या मनात आहे, असे सुचविते. प्रत्यक्षात त्याचे कर्ज नामंजूर झालेले असते, किंवा मालकाने ऐन वेळी किंमत वाढविलेली असते. भाड्याच्या घरांत तर याहून गंभीर प्रकार घडतो. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, अमुक धर्माच्या वा अमुक आहाराच्या कुटुंबाला घर देण्यास मालक नकार देतो आणि नोंद होते ती ‘ग्राहकाला रस नाही’ अशी. ज्याला घर नाकारले गेले, तोच नाकारणारा ठरतो. तिमाहीच्या गोषवाऱ्यात नकार देणारे मालक कोठेच दिसत नाहीत. दिसतात ती रस नसलेली गिऱ्हाइके. अशा यादीत ‘मालकाने नकार दिला’ हे तृतीयेतील कर्ता असलेले वाक्य असलेच पाहिजे, असा आग्रह भाषेच्या अभ्यासकाने धरावा.

स्वाध्याय

एका कार्यालयातील तीन शेरे पुढे दिले आहेत. ‘पार्टीला जागा पसंत, मुलाच्या परीक्षेनंतर बघू म्हणतात.’ ‘विसार दिला, सोसायटीचे ना हरकत पत्र बाकी.’ ‘आधी हो म्हणाले, आडनाव कळल्यावर मालकांनी फोन उचलणे बंद केले.’ डॅशबोर्डमध्ये ‘चालू’, ‘पूर्ण’ आणि ‘रस नाही’ एवढीच तीन सदरे उपलब्ध आहेत. प्रत्येक शेरा कोणत्या सदरात जाईल आणि तेथे गेल्यावर त्यातील कोणती माहिती नाहीशी होईल, ते लिहा. त्यानंतर या तिन्ही शेऱ्यांना न्याय देतील अशी सदरे स्वतः तयार करा. प्रत्येक सदरात कर्ता आणि क्रियापद असावे आणि कोणते सदर केव्हा निवडायचे, हे नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला एका वाक्यात समजावे. आपण ज्या ठिकाणी नोकरी करता तेथील डॅशबोर्ड वा मासिक तक्ता उपलब्ध असल्यास त्यातील एक आकडा निवडा, तो नोंदणाऱ्या व्यक्तीला आणि तो वाचणाऱ्या व्यक्तीला त्या शब्दाचा अर्थ स्वतंत्रपणे विचारा आणि दोन्ही उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून संपर्कसत्राला घेऊन या.